शुभेच्छापत्र धाडणारे हात

वार्धक्यात माणसाचे देणे हळूहळू थांबते आणि घेणे वाढत जाते. आयुष्यभर ज्यांनी घर चालवले, मुलांची शिक्षणे केली, पाहुण्यांची उठबस केली, त्यांच्या हातात आता चहाचा कप आयता येतो, गोळ्या मोजून दिल्या जातात आणि औषधाची वेळही दुसऱ्याने आठवून द्यावी लागते. घरातील माणसे हे सारे प्रेमानेच करतात. परंतु दिवसभर केवळ घेणाऱ्याच्याच भूमिकेत राहिलेल्या मनाला एक निराळाच थकवा येतो. ‘मला काही होत नाही, पण आता माझे कुणाला काम उरले नाही’ हे वाक्य दवाखान्यात जितक्या वेळा कानी पडते, तितक्या वेळा गुडघेदुखीची तक्रारही पडत नसेल. या दुखण्यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही.

या लेखात एका अगदी साध्या उपायाविषयी लिहावयाचे आहे. तो म्हणजे स्वतःच्या हाताने शुभेच्छापत्र तयार करणे आणि ते टपालाने पाठवणे. कागद, कात्री, खळ आणि थोडी सवड एवढेच त्याचे भांडवल. ‘हा तर लहान मुलांचा खेळ’ असे काही वाचकांना वाटेल. परंतु मुलाचे कागदकाम आणि ज्येष्ठाचे शुभेच्छापत्र यांत एक मोठा फरक आहे. ज्येष्ठाच्या पत्राला पत्ता असतो. ते कुणासाठी तरी असते, कुठेतरी पोहोचते आणि पोहोचल्यावर ज्याने ते पाठवले त्याला पुन्हा ‘देणारा’ करते. या उपायाचे खरे मर्म हेच आहे. बोटांचा व्यायाम हा त्यासोबत मिळणारा लाभ होय.

आपल्या मातीतील कागद आणि पत्रे

अमळनेरकरांना कागद आणि हस्ताक्षर यांची महती वेगळी सांगावयास नको. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. पुढे त्यांनी पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने घरोघरी वाचली गेली. छापखाने असतानाही हाताने लिहिलेल्या कागदाला जे मोल असते, ते या गावाने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेले आहे.

कागद बनवणेही खानदेशाला परके नव्हते. शेजारचे एरंडोल आणि तापीपलीकडचे यावल ही दोन्ही गावे एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होती. इंग्रज अमदानीतील गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा मागे पडत गेला. आज हातकागद हवा असल्यास पुण्याच्या हातकागद संस्थेचे नाव घेतले जाते. ती १९४० सालची. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे.

शुभेच्छापत्रांची छापील प्रथा मात्र विलायतेतून आली. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचे कार्ड काढून घेतले आणि ते छापून विक्रीस ठेवले. त्यातूनच पुढचा मोठा व्यापार उभा राहिला. आपल्याकडे ही प्रथा दिवाळीला आणि विशेषतः संक्रांतीला येऊन मिळाली. संक्रांतीची चिमुकली भेटकार्डे आणि पाकिटात हलव्याचे चार दाणे परगावच्या आप्तांना धाडण्याची रीत आज सत्तरीत असलेल्या वाचकांना चांगलीच आठवत असेल. भ्रमणध्वनीवर एकाच क्षणी शंभर जणांना तेच फुलांचे चित्र पाठवण्याची सोय झाली आणि ही रीत मावळली. सोय झाली हे खरेच. परंतु त्या शंभरांतील एकालाही ‘हे माझ्यासाठी केले आहे’ असे वाटत नाही, हेही तितकेच खरे.

दोन ओळींच्या पत्राचे बळ

पत्र मिळाल्याने माणसाचे आरोग्य बदलते काय? वैद्यकशास्त्राने हा प्रश्न गांभीर्याने तपासला आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे जेरोम मोट्टो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. तीव्र नैराश्यामुळे वा आत्मघाताच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून घरी गेलेले, पण पुढील उपचार नाकारणारे ८४३ रुग्ण त्यांनी निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षातून किमान चार वेळा, याप्रमाणे पाच वर्षे छोटी पत्रे पाठवली. पत्रांत उपदेश नव्हता, ‘भेटीस या’ असा आग्रह नव्हता आणि कसली मागणीही नव्हती. आपली आठवण आहे, आपले बरे चालले असावे अशी इच्छा आहे, एवढाच त्यांचा आशय असे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्यांचे प्रमाण कमी राहिले आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता.

ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल येथे विषारी द्रव्य वा औषधांचा अतिडोस घेऊन दाखल झालेल्या रुग्णांना वर्षभरात आठ पोस्टकार्डे पाठवण्यात आली. पुन्हा त्याच कारणाने दाखल होणाऱ्या व्यक्तींच्या प्रमाणात मोठा फरक पडला नाही. परंतु अशा एकूण घटना पोस्टकार्डे न मिळालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्या होत्या. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले.

ही पत्रे रुग्णालयांनी पाठवलेली होती आणि ते रुग्ण विशिष्ट आजाराचे होते. त्यामुळे नातवाला धाडलेल्या वाढदिवसाच्या कार्डाला जसेच्या तसे हे गणित लागू करता येणार नाही. तरीही यातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. काहीही न मागणारे आणि आठवण तेवढी कळवणारे पत्र माणसाला धरून ठेवू शकते. आपल्या ओळखीत वैधव्य आलेली बहीण, निवृत्तीनंतर अबोल झालेला मित्र किंवा परगावी एकटा राहणारा भाचा असतोच. त्यांना असे पत्र पाठवण्याची सवड घरात सर्वांत अधिक कुणाला असते, तर ज्येष्ठांना. त्यांच्याकडे वेळ आहे, नात्यांची स्मृती आहे आणि आशीर्वाद देण्याचा अधिकारही आहे.

बोटांना आणि बुद्धीला काय मिळते

कागदाची घडी घालणे, रेषेवरून कात्री चालवणे, चिमटीत लहान तुकडा धरून नेमक्या जागी बसवणे या क्रियांत डोळे, बोटे आणि मेंदू यांना एकत्र काम करावे लागते. बटण लावणे, गोळीचे पाकीट फोडणे, किल्ली फिरवणे यांसाठी लागणारी चिमटीची ताकद आणि अचूकता याच क्रियांत वापरली जाते. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाचे एक तत्त्व असे की, हाताला नुसते वरखाली करण्यापेक्षा अर्थपूर्ण काम वारंवार करावयास लावणे अधिक उपयोगी ठरते. शुभेच्छापत्र हे तसे काम आहे.

बुद्धीच्या बाबतीत मात्र अतिशयोक्ती करू नये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या २५६ व्यक्तींचा मागोवा घेतला. चित्रकला, हस्तकला आणि मित्रमंडळींत मिसळणे ज्यांनी जपले होते, त्यांच्यात विस्मरणाची सौम्य लक्षणे कमी आढळली, असे त्यांनी २०१५ मध्ये नमूद केले. परंतु ज्यांची बुद्धी आधीच तल्लख आहे, तेच अशा छंदांत टिकून राहतात, असेही असू शकते. म्हणून ‘कार्डे करा, स्मृतिभ्रंश टाळा’ असे आश्वासन मी देणार नाही. रक्तदाब, मधुमेह, श्रवणदोष यांचे उपचार आणि रोजचे चालणे यांना कार्ड हा पर्याय नव्हे.

साहित्य : बहुतेक घरातच आहे

बाजारात कागदकामाची नानाविध साधने मिळतात. दाबताच फूल वा पान कापून देणारे पंच, नागमोडी धारेच्या कात्र्या, रबरी शिक्के, स्टेन्सिल, क्विलिंगच्या रंगीत पट्ट्या आणि त्या गुंडाळण्याची खाचेची सुई अशी ती यादी आहे. ही साधने चांगली आहेत. परंतु आरंभीच सारी विकत आणू नयेत. एक पंच आणि एक चांगली कात्री पुरे. बाकीची साधने आपल्या स्वयंपाकघरात आणि शिवणाच्या डब्यात आहेत.

स्टीलच्या चमच्याची पाठ घडी पक्की करण्यास उत्तम. करंज्या कातायचे कातणे कार्डशीटवर पट्टीच्या आधाराने फिरवले की काठाला सुरेख नक्षीची खूण उमटते. बांगडी आणि वाटी गोल काढण्यासाठी वापरावी. जुन्या लग्नपत्रिका हा तर खजिनाच आहे. लगीनसराई सरली की प्रत्येक घरात त्यांचा ढीग उरतो. त्यावरील सोनेरी वेलबुट्टी, कलश, मोर आणि उठावाचे गणपती कापून नव्या कार्डावर लावता येतात. गणपतीचे चित्र टाकून देणे ज्यांच्या जिवावर येते, त्यांची अडचणही त्याने दूर होते.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करावी. एक वाटी मैदा व चार ते पाच वाट्या पाणी या प्रमाणात थोडीच खळ मंद आचेवर सतत ढवळत शिजवावी आणि दोन दिवसांत संपवावी. टिकण्यासाठी पूर्वी तीत मोरचूद घालीत. ते विषारी असल्याने घरात अजिबात वापरू नये. खळ नको असल्यास पांढरा फेव्हिकॉल किंवा डिंकाची कांडी चालेल. तीव्र वासाचे द्रव आणि फवारणीचे रंग टाळावेत. दमा व श्वसनाचे जुने विकार असणाऱ्यांनी तर ते कटाक्षाने टाळावेत. गरम गोंदाची बंदूकही घरात आणू नये.

एक कार्ड : आरंभापासून पत्त्यापर्यंत

२०० ते २५० जीएसएम जाडीची ए-४ आकाराची कार्डशीट घ्यावी. एका कार्डशीटचे दोन समान भाग केले की दोन कार्डे होतात. अर्धा भाग मध्ये दुमडला की साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि पावणेपंधरा सेंटिमीटर उंच असे कार्ड तयार होते. दुमडण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेची घडी स्वच्छ बसते. उलट दिशेची घडी तडकते. घडीच्या जागी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनाने एक रेघ दाबून ओढावी आणि मग चमच्याच्या पाठीने घडी घोटावी.

पुढच्या बाजूच्या नक्षीसाठी मी ज्येष्ठ भगिनींना ठिपक्यांची रांगोळी सुचवतो. ती त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक असते. दुमडलेल्या टॉवेलवर कार्ड उपडे ठेवावे, पेन्सिलने फिकट ठिपके मांडावेत आणि बुचात खोचलेल्या जाड टाचणीने ते टोचत जावे. पुढच्या बाजूस उठावदार ठिपक्यांची नक्षी उमटते. दृष्टी मंद झालेल्यांना ती बोटांनीही वाचता येते. मागून टोचल्यावर आकृती उलटी उमटते, हे ध्यानात ठेवावे. नाव टोचावयाचे असल्यास ते पुढूनच टोचावे. पुरुष मंडळींना बहुधा मोजमाप, घडी आणि चौकटी आवडतात. त्यांनी लग्नपत्रिकेच्या पट्ट्या कापून चौकट करावी.

आत काय लिहावे? तयार मजकूर शोधण्याची गरज नाही. ज्याला पत्र आहे त्याची एक खरी आठवण आणि एक आशीर्वाद एवढे पुरे. ‘तू दुसरीत असताना बोरी नदीचा पूर पाहायला माझे बोट धरून आला होतास’ हे वाक्य कोणत्याही छापील कवितेपेक्षा अधिक जपले जाते. घरात अहिराणी बोलली जात असेल तर पत्रही अहिराणीतच लिहावे. लेकीला ‘आखाजीले ये, माय वाट पाही राहिनी’ एवढेच लिहिले, तरी सासरी ते पत्र कपाटात कुठे ठेवले जाईल हे सांगावयास नको.

वजनाचा हिशेबही सोपा आहे. २५० जीएसएमच्या अर्ध्या कार्डशीटचे वजन आठ ग्रॅमच्या आत भरते. पाकीट आणि वरची नक्षी धरूनही ते वीस ग्रॅमच्या आत राहते आणि तेवढ्यासाठी पाच रुपयांचे तिकीट लागते. मणी, खडे, जाड गाठी मात्र लावू नयेत. टपालात शिक्का मारताना त्या चुरडतात आणि पाकीट फाटते. पत्ता व पिनकोड स्वतः लिहावा. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘अमळनेर ४२५४०१’ असे आपल्या हाताने लिहिणे, हाही त्या पत्राचाच भाग आहे.

आजारानुसार घ्यावयाची काळजी

*सांधेदुखी :* काम सुरू करण्यापूर्वी हात पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. कात्रीच्या कड्यांना व पेनाला कापडाची पट्टी वा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पकड जाड करावी. स्वतःहून उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळते, ती अधिक बरी. पंच बोटांनी दाबू नये; तो टेबलावर ठेवून तळहाताच्या मुळाने दाबावा. वीस मिनिटांनंतर विश्रांती घ्यावी. सांधा लाल, गरम वा सुजलेला असेल तर त्या दिवशी काम करू नये.

*पक्षाघात :* कागद सरकू नये म्हणून खाली ओलसर पिळलेले फडके किंवा रबरी चटई ठेवावी आणि वर जड पुस्तक ठेवावे. दुर्बल हात मांडीवर पडू न देता टेबलावर आणून त्यानेच कागद दाबून धरावा. वजनाएवढे काम तरी त्याला द्यावेच. किती आणि कसे, हे आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावे.

*कंप :* पार्किन्सनच्या आजारातील कंप हात स्वस्थ असताना अधिक असतो आणि काम करताना बहुधा कमी होतो. दुसऱ्या एका प्रकारचा, पुष्कळदा कुटुंबात चालत आलेला कंप काम करतानाच वाढतो. दोन्हींत कोपर आणि मनगट टेबलावर टेकवून काम करावे. पार्किन्सनमध्ये अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते. ठळक आखलेल्या ओळींवर लिहिल्यास ते मोठे राहण्यास मदत होते. घरच्यांनी जुनी पत्रे आणि आताचे लेखन शेजारी ठेवून पाहावे. अक्षर अलीकडे स्पष्टपणे आक्रसलेले दिसल्यास डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.

*मधुमेह आणि रक्त पातळ करणारी औषधे :* दीर्घकाळच्या मधुमेहात बोटांची संवेदना कमी होऊ शकते. टोचलेले वा कापलेले कळत नाही. त्यांनी टाचणीचे काम टाळून शिक्के, पंच आणि चिकटकाम करावे आणि उठताना दोन्ही हात उजेडात तपासावेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारखी औषधे घेणाऱ्यांना लहानशा जखमेतूनही रक्त अधिक वेळ येते. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरावे. मधूनमधून उचलून पाहू नये. तरीही न थांबल्यास दवाखाना गाठावा. आपल्या मनाने औषध बंद करू नये. पात्याचा कटर या मंडळींनी वापरूच नये.

*दृष्टी :* वयपरत्वे डोळ्यांना कितीतरी अधिक उजेड लागतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डाव्या बाजूस ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. पांढऱ्या कागदाखाली गडद रंगाचे ताट वा कापड ठेवल्यास कडा स्पष्ट दिसतात. एकाएकी रेषा वाकड्या दिसू लागल्यास तो चष्म्याचा दोष समजून स्वस्थ बसू नये. नेत्रतज्ज्ञांना तत्काळ दाखवावे.

*स्मृतिभ्रंश :* एका वेळी एकच काम द्यावे. फुले कापून ठेवलेली असावीत आणि आजोबांनी ती लावावीत. मणी, चकाकी, टाचण्या समोर नसाव्यात, कारण त्या तोंडात जाऊ शकतात. जुनी छायाचित्रे लावावयाची असल्यास त्यांच्या प्रती काढाव्यात. ‘हा कोण, ओळखा पाहू’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘हा आपला मधला भाऊ, याला पत्र करतो आहोत’ असे आपणच सांगावे. नाव आठवले नाही तरी माया आठवते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

या उपक्रमाला सर्वांत मोठा धोका कात्रीचा नाही. तो आपल्या तत्परतेचा आहे. माझ्या परिचयातील एका घरात उजवी बाजू दुर्बल झालेल्या आजोबांनी डाव्या हाताने नातीसाठी कार्ड केले. अक्षरे वाकडी, चौकट तिरपी. सूनबाईंनी प्रेमापोटी कडा कापून सरळ केल्या आणि मजकूर आपल्या वळणदार अक्षरात पुन्हा लिहिला. कार्ड देखणे झाले. आजोबांनी मात्र पुढे आठवडाभर कागदाला हात लावला नाही. विचारल्यावर म्हणाले, ‘ते तिनेच केले आहे, मग पाठवणारा मी कसा?’ दुसरे कार्ड तिरपेच गेले. त्यानंतरच्या तपासणीस आले तेव्हा त्यांनी रक्तदाबाआधी टपालाची बातमी सांगितली. पत्र पोहोचले होते.

जपानमध्ये ‘एतेगामी’ नावाचा पोस्टकार्डावर चित्र काढून पाठवण्याचा लोकप्रिय छंद आहे. त्यात बेढबपणा दोष मानला जात नाही; उलट हात चाचपडला असेल तर चित्र अधिक जिवंत होते, अशी त्यांची धारणा आहे. हीच दृष्टी आपण घरात आणावी. साहित्य समोर मांडून ठेवणे, पाकीट आणून देणे, कात्री उचलून ठेवणे आणि पेटीपर्यंत सोबत जाणे ही आपली कामे. कापणे, लावणे, लिहिणे ही त्यांची. लिहिता येतच नसेल तर त्यांनी सांगावे आणि आपण शब्द न बदलता लिहावे. सही मात्र त्यांची, सही जमत नसल्यास अंगठ्याचा रंगीत ठसा. ‘वा, छान’ या कौतुकापेक्षा ‘हे कुणाला पाठवायचे?’ हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

आणखी एक गोष्ट. पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत दोन आठवड्यांहून अधिक काळ रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, ‘आता जगून काय करायचे’ अशी भाषा येणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. तेथे कागदकामाचा आग्रह धरू नये, डॉक्टरांना भेटावे. नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. शासनाची ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीची ‘एल्डर लाइन’ १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हे दोन क्रमांक ठळक लिहून दूरध्वनीजवळ लावून ठेवावेत.

वर्षाची आखणी

महिन्याला दोन पत्रे हे प्रमाण झेपणारे आहे. संक्रांत, आखाजी, कानबाई, राखी, दिवाळी हे ठरलेले सण. त्यांच्यामध्ये वाढदिवस, बारावीचा निकाल, नातसुनेचे डोहाळजेवण. यांखेरीज वर्षातून किमान चार वेळा एकट्या पडलेल्या कुणाला तरी, काही निमित्त नसताना, एक पत्र जावे. दिनदर्शिकेवर तारखेच्या आठ दिवस आधी खूण करावी, म्हणजे टपालाला वेळ मिळतो. एका वहीत कुणाला काय पाठवले याची नोंद ठेवावी. त्या वहीत नावे भरू लागली की आपला गोतावळा किती मोठा आहे, हे आपल्यालाच नव्याने उमगते.

प्रकृती साथ देत असेल तर पत्र स्वतःच पेटीत टाकावे. जाऊन येण्याचे चालणे होते, वाटेत दोन माणसे भेटतात, ‘कुणाला पत्र?’ असे कुणी विचारते आणि सांगण्यासारखे काही आपल्याजवळ असते. येत्या सणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. आज दुपारी एक कार्डशीट मागवावी, तिची मध्यावर घडी घालावी आणि पहिले नाव मनात आणावे. जे नाव सर्वप्रथम येईल, त्याच माणसाला ते पत्र पाठवावे.